इयादत आणि रुग्णसेवकाचा जीव

आजाऱ्याची इयादत ही सुन्नत आहे. मात्र साथीच्या काळात वॉर्डात गर्दी करणे सुन्नत ठरते काय?

हिजरी 18 मध्ये शाम प्रदेशात अमवासचा प्लेग पसरला. खलीफा हजरत उमर (रजि.) तिकडे निघाले होते. साथीच्या ठिकाणी जाऊ नये आणि आपण असू तेथे साथ आल्यास पळू नये, ही प्रेषितांची (स.) शिकवण कळताच ते सर्गहून माघारी फिरले. हजरत अबू उबैदा (रजि.) मात्र सैन्यासोबत राहिले आणि त्याच साथीत निवर्तले.

शिकवणुकीचा उत्तरार्ध कोरोनाच्या साथीत परिचारिका, डॉक्टर, सफाई कामगार यांनी पाळला. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार मे 2021 पर्यंत जगभरात सुमारे 1,15,500 आरोग्यसेवक दगावले. त्यांना धोका रुग्णाच्या श्वासातून असतो, तसाच दूषित हातमोजे उतरवताना झालेल्या एका स्पर्शातूनही.

पूर्वार्ध पाळणे आपल्या हाती आहे. दारातून परतणे म्हणजे नाते तोडणे नव्हे. घरूनच दुआ करा, फोनवर विचारपूस करा. स्वतः आजारी पडल्यास लक्षणे लपवू नका. उंट आधी बांधावा, मग तवक्कुल करावे. रुग्णसेवकाचा जीव ही आपल्याकडील अमानत आहे.