बालसंगोपनाचा दर्जा व शासनाचे नियम

धाकट्या भावाला सांभाळण्यासाठी मुलगी घरी राहते आणि हजेरीपटात तिची गैरहजेरी लागते. बालसंगोपनाच्या प्रश्नाचा प्राथमिक शिक्षकाशी संबंध येतो तो येथे.

१९४८ च्या कारखाना अधिनियमाने पन्नासांहून अधिक स्त्रिया काम करीत असलेल्या कारखान्यावर सहा वर्षांखालील मुलांसाठी जागेची सोय करण्याचे बंधन घातले. १९७६ च्या दुरुस्तीने ही मर्यादा तिसांवर आणली. जागा पुरेशी, उजेडाची, हवेशीर व स्वच्छ असावी आणि तेथे प्रशिक्षित स्त्रीची देखरेख असावी, असा दंडक होता. परंतु शेतावर राबणाऱ्या मजूर स्त्रीचे मूल या तरतुदीबाहेरच राहिले.

अशा मुलांसाठी मार्ग दाखविला तो ताराबाई मोडक यांनी. १९४५ मध्ये बोर्डी येथे त्यांनी ग्राम बाल शिक्षा केंद्र स्थापन केले. अनुताई वाघ यांच्या साहाय्याने त्यांनी बालवाडीच मुलांच्या अंगणात नेली. १९५७ पासून कोसबाड येथे पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा यांची सांगड घातली गेली. त्यामुळे धाकटे भावंड सोबत आणूनही थोरली बहीण वर्गात बसू लागली. २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशातील ३३ प्रकल्पांत एकात्मिक बाल विकास सेवा योजना सुरू झाली आणि अंगणवाडी गावोगाव पोहोचू लागली.

दर्जाची मोजमापे २०१३ च्या राष्ट्रीय धोरणाबरोबर ठरली. तीस मुलांसाठी किमान ३५ चौरस मीटरची खोली व बाहेर ३० चौरस मीटर मोकळी जागा. तीन ते सहा वर्षांच्या वीस मुलांमागे एक प्रौढ व्यक्ती, त्याहून लहान दहा मुलांमागे एक. तसेच स्वच्छ पाणी, शौचालय व प्रथमोपचाराची सोय.

अधिनियमाचा भंग केल्यास शिक्षा होते. धोरणातील मोजमापांना तसा आधार नसतो. म्हणून ती पाळली जावीत यासाठी गावाचे लक्ष आवश्यक ठरते.

शिक्षकांनी पुढील गोष्टी कराव्यात :

(१) भावंडे सांभाळण्यासाठी गैरहजर राहणाऱ्या मुलींची स्वतंत्र यादी ठेवावी.

(२) ती अंगणवाडी सेविकेस दाखवून दोघांनी मिळून त्या घरी जावे व पालकांशी बोलावे.

(३) जागा, पाणी वा मनुष्यबळ यांची उणीव आढळल्यास ती शाळा व्यवस्थापन समिती व ग्रामसभेपुढे मांडावी.

सेविका ही सहकारी आहे. तिची तपासणी करणे हे शिक्षकांचे काम नव्हे, याचे भान असावे. यादीतील एक जरी मुलगी वर्गात परतली, तरी तिची तारीख त्याच यादीत नोंदवावी.