चष्म्याऐवजी डोळ्यात लेन्स : तिसगावहून निघताना किती पैसे धरावेत?

मायनस दहा-बाराचा चष्मा काढला की भिंतीवरचं घड्याळ म्हणजे नुसता पांढरा ठिपका. असा नंबर असलेल्या मुलामुलींना नगरला किंवा पुण्यात डॉक्टर सांगतात, ‘लेसर जमणार नाही, पारपटल पातळ आहे. आयसीएल टाकू.’ मग खर्चाचा एक आकडा येतो. तो बहुतेक वेळा एकाच डोळ्याचा असतो. हिशेब तिथूनच सुरू करा.

आयसीएल म्हणजे बाहुलीमागे, आपल्या मूळ भिंगाच्या पुढे बसणारी मऊ लेन्स. घडी करून तीनेक मिलिमीटरच्या छेदातून ती आत सरकवतात. मूळ भिंग जागेवरच राहतं. गरज पडली तर लेन्स काढताही येते.

परदेशी ईव्हीओ लेन्सला एका डोळ्यामागे साधारण ८० हजार ते सव्वा लाख रुपये धरा. सिलिंडर नंबर असेल तर टोरिक लेन्स लागते, ती आणखी महाग. गुजरातच्या केअर ग्रुपची आयपीसीएल ही तशीच लेन्स साधारण निम्म्या खर्चात बसते. कोटेशन लेखी घ्या: लेन्सचं नाव, तपासण्या, थेंब, पुढच्या भेटी सगळं त्यात हवं. लेन्सचं माप चुकून ती बदलावी लागली तर खर्च कोणाचा, हेही विचाराच. मोठ्या नंबरात डोळ्याच्या पडद्याला छिद्र किंवा विरळ जागा सापडू शकते. तिथे आधी लेसर करावं लागलं तर त्याचं बिल वेगळं.

विमा असेल तर ७.५ हा आकडा लक्षात ठेवा. त्याहून कमी नंबरासाठीचा खर्च पॉलिसीतून वगळलेला असतो. त्यापुढचा नंबर असेल तर ऑपरेशनआधी कंपनीची लेखी मंजुरी घ्या. माझं मत विचाराल तर मायनस तीन-चारसाठी, लेसर बसत असताना, एवढा पैसा घालू नका. वय किमान २१ हवं आणि नंबर वर्षभर स्थिर हवा. पोलीस किंवा सैन्यभरतीची तयारी चालू असेल तर आधी त्या भरतीचे वैद्यकीय निकष वाचा. डोळ्यात लेन्स असल्याने उमेदवारी हातची जाऊ शकते.

आता फेऱ्या. तपासणी, ऑपरेशन, दुसरा दिवस, आठवडा, महिना, नंतर दरवर्षी. तिसगावहून नगर चाळीसेक किलोमीटर, पुणे त्यापुढे आणखी सव्वाशे. दर वेळी सोबतीला माणूस, म्हणजे दोघांचं भाडं आणि दोघांचा बुडालेला रोज. पडदा तपासताना बाहुली मोठी करणारे थेंब घालतात. काही तास उजेड डोळ्यात घुसतो, जवळचं अक्षर दिसत नाही. अशा डोळ्यांनी करंजी घाटातून मोटरसायकल चालवत परतू नका, एसटीच धरा.

ऑपरेशननंतर निदान दोन आठवडे धूळ, डोक्यावरून अंघोळ आणि डोळे चोळणं बंद. विहिरीत पोहणं महिनाभर नको. म्हणून कांदा काढणीचे किंवा मढीच्या यात्रेचे दिवस सोडून तारीख घ्या. लेन्सचा नंबर लिहिलेलं कार्ड मिळेल, ते रेशनकार्डासोबत ठेवा. पुढे मोतीबिंदू झाला तर ही लेन्स काढावी लागते, तेव्हा डॉक्टर तेच कार्ड मागतील.