सही करण्याआधी

सईबाळा, मेडिकल असिस्टंटच्या कोर्ससाठी त्या खासगी कॉलेजातून तुला रोज फोन येतायत, असं आई म्हणाली. शिकायचं तर आहेच गं. फक्त पेनचं टोपण काढण्याआधी मावशीचं एवढं ऐक.

१. फीच्या आधी पगार विचार — कर्ज मार्कांतून नाही, पगारातून फिटतं.

२. अमेरिकी शिक्षण खात्याची ‘कॉलेज स्कोअरकार्ड’ ही वेबसाइट उघड आणि अख्ख्या कॉलेजचा नाही, तुझ्या कोर्सचा आकडा बघ — नर्सिंगवाल्यांच्या पगाराआड मेडिकल असिस्टंटचा पगार दडतो. मुलांच्या डोक्यावर कर्ज किती, तेही तिथेच दिसतं.

३. वर्षाच्या पगारातले ८ टक्के, त्याहून जास्त हप्त्यांत जाऊ देऊ नकोस — नोकरीसाठीचे कोर्स जोखायच्या २०२३ च्या सरकारी नियमातही हा आकडा होता. पगार ३० हजार डॉलर धर. मग हप्ता महिन्याला २०० झाला. तेवढ्यात, ६ टक्के व्याजाने, १० वर्षांत फिटतं ते साधारण १८ हजारांचं कर्ज. कॉलेजवाले किती काढायला सांगतायत, ते आता तूच ताडून बघ.

४. चकचकीत लॅब बघून भुलू नकोस — मांडव बघून सोयरीक करू नये.

५. तोच कोर्स आपल्या काउंटी कॉलेजात आहे का, ते विचार आणि ‘यांचे क्रेडिट तुम्ही धराल का’ असा ईमेलही तिथेच टाक — नफ्यासाठी चालणाऱ्या कॉलेजांचे क्रेडिट पुष्कळ ठिकाणी धरत नाहीत, मग पुढे शिकायचं म्हटलं की पुन्हा पहिल्यापासून.

६. ‘आमच्या इतक्या मुलांना नोकरी लागते’ म्हणाले, तर कुठल्या कामाची, पूर्णवेळ की चार तासांची, हे लिहून माग — बोललेलं उडतं, लिहिलेलं उरतं. कोरिन्थियन कॉलेजेस या खासगी कॉलेजांच्या साखळीला नोकऱ्यांचे खोटे आकडे दिल्याबद्दल २०१५ मध्ये सुमारे ३ कोटी डॉलर दंड झाला, आणि त्याच महिन्यात त्यांनी उरलेल्या सगळ्या शाखा बंद केल्या. तिथे शिकलेल्या मुलांना सरसकट कर्जमाफी झाली ती २०२२ मध्ये. मधली सात वर्षं त्या पोरांनी कशी काढली असतील, याचा विचार करून मला अजून वाईट वाटतं.

७. म्हणून माहितीपत्रक, ईमेल, फीच्या पावत्या, सगळं एका फायलीत ठेव — फसवणूक झाल्याचा अर्ज करायची वेळ आली, तर हेच कामाला येतं.

८. कर्ज घ्यायचंच तर आधी सरकारी. खासगी कर्जावर बाबांची सही तर मुळीच नको — सरकारी कर्जात कमाई पाहून हप्ता ठरवून घेता येतो. खासगीत तू हप्ते थकवलेस की वसुलीवाले बाबांच्या दारात.

९. शिकतानाच महिन्याचं व्याज तेवढं भरत जा — अनसबसिडाइज्ड, म्हणजे शिकतानाचं व्याज सरकार भरत नाही अशा कर्जाचं व्याज पैसे हाती आल्या दिवसापासून चढतं.

१०. ‘आजच भरा, जागा संपतायत’ म्हणाले, तर फोन ठेव आणि मला लाव — घाईची सही, कर्जाची वही. शनिवारी लॅपटॉप घेऊन ये, तोवर कुठेच सही करू नकोस.