आपोआप चालू होणारीं विजेचीं यंत्रें व त्यांची तपासणी

गेल्या कांहीं वर्षांत आमच्या खेड्यांतील घरांतूनही मोबाईलवरून चालणारे दिवे, प्लग व पाण्याच्या मोटारी यांचा प्रवेश झाला आहे. सोय खरी, परंतु तिच्याबरोबर एक नवी तक्रारही कानावर येऊं लागली आहे. मध्यरात्रीं माजघरांतील दिवा कोणीं हात न लावतां पेटतो, गिझर पहाटे तापलेला आढळतो, बंद केलेली मोटार शेतांत एकटीच चालत असते. घरांतील वडील मंडळी यास भुताटकी म्हणतात, तरुण मंडळी "कोणीतरी हॅक केलें" म्हणतात, आणि दोन्ही पक्ष तपास न करतां स्वस्थ बसतात. आम्हांस अनुभव आला तो असा कीं, यंत्र बिघडलेलें नसेल तर तें हुकुमावांचून चालू होत नाहीं. तो हुकूम कोठून आला हें शोधून काढावयाचें असतें, व तें काम पुष्कळदां वायरमनावांचूनही साधतें.

आमची बहुतेक हयात महसुली दप्तरांत गेली. तेथली एक संवय या कामीं उपयोगी पडली. वाद कसलाही असो, आधीं जागेवर जाऊन पंचनामा, मग निवाडा. लोक नेमकें याच्या उलट करतात. दिवा पेटलेला दिसला कीं चिडून बटण दाबतात, प्लग उपसतात, आणि पुरावा तेथल्या तेथें नाहींसा होतो. तसें न करतां प्रथम घड्याळ पाहून मिनिटासकट वेळ वहींत टिपावी, व मग मोबाईलच्या ॲपमध्यें तेंच यंत्र कोणत्या स्थितींत दाखविलें आहे हें पाहावें. गिझर, इस्त्री, शेगडी अशा तापणाऱ्या जिनसांस अर्थात् हा नियम नाहीं. त्या तत्काळ बंद कराव्या व वेळ नंतर टिपावी.

ॲपमध्यें "चालू" असें दिसत असेल तर यंत्रास खरोखरच कोणाचा तरी हुकूम पोंचला आहे. त्याचा शोध पुढें घेऊं. ॲपमध्यें "बंद" दिसत असून दिवा मात्र जळत असेल, तर आधीं यंत्र इंटरनेटला जोडलेलें आहे ना तें पाहावें, कारण तुटलेल्या यंत्राची जुनीच स्थिती ॲप दाखवीत राहण्याचा संभव असतो. जोडणी ठीक असूनही हाच प्रकार घडला तर दोष बहुधा यंत्राच्या पोटांत आहे. स्मार्ट प्लगच्या आंत रिले नांवाचा एक लहानसा स्विच असतो. २००० वॅटचा गिझर २३० व्होल्टवर सुमारें ९ अँपिअर प्रवाह ओढतो. तो ६ अँपिअरच्या प्लगला लावला तर रिलेचीं टोकें तापून एकमेकांस चिकटून बसतात, आणि मग मोबाईलवर कितीही वेळां "बंद" म्हटलें तरी प्रवाह थांबत नाहीं. असा प्लग दुरुस्तीच्या भरीस न पडतां टाकून द्यावा, व गिझरसाठीं १६ अँपिअरचाच घ्यावा.

बंद केलेला एल.ई.डी. दिवा अंधारांत मंद मिणमिणत असेल तर तो प्रकार अगदीं निराळा. त्याचा मोबाईलशीं कांहीं संबंध नाहीं. बटणावरील लहान इंडिकेटरमधून जाणारा अल्पसा प्रवाह इतक्या प्रकाशास पुरतो. पुष्कळ वेळां मात्र बटण फेजऐवजीं न्यूट्रलच्या तारेवर बसविलेलें असतें. या दुसऱ्या प्रकारांत बटण बंद असूनही होल्डरमध्यें वीज जिवंत राहते, म्हणून दिवा बदलण्यापूर्वीं मेन स्विच पाडावा व वायरमनाकडून जोडणी सुधारून घ्यावी.

आतां हुकुमांकडे वळूं. आमच्या भागांत सर्वांत मोठा हुकूमदार म्हणजे गेलेली वीज परत येणें, हा होय. स्मार्ट दिव्यास वीज मिळतांच तो पूर्ण तेजानें पेटावा अशी योजना पुष्कळ कारखानदारांनीं मुद्दामच केलेली असते. कारण उघड आहे. घरांतील म्हातारें माणूस भिंतीवरचें बटण दाबणार. दिवा मोबाईलची वाट पाहत बसला तर त्या बटणाचा उपयोग काय? परंतु रात्रीं दोन वाजतां गेलेली वीज तीन वाजतां आली, तर दिव्यास ती येणें व बटण दाबणें यांतील भेद कळत नाहीं. ही तक्रार जगभर झाली. फिलिप्स ह्यू या प्रसिद्ध दिव्यांसही वीज परत आल्यावर काय करावें हें ठरविण्याची सोय २०१८ सालींच मिळाली. हल्लीं बहुतेक स्मार्ट दिव्यांच्या व प्लगच्या ॲपमध्यें, वीज आल्यावर "चालू", "बंद" कीं "पूर्वीं होतें तसें", असा प्रश्न सेटिंगमध्यें असतो. प्लगसाठीं "बंद" निवडावें. कित्येक एअर कंडिशनरांतही वीज आल्यावर आपण होऊन सुरू होण्याची अशीच योजना असते. तिचीही चौकशी करावी. वहींत टिपलेली वेळ व वीज आल्याची वेळ जुळली, तर पुढील शोधाचें कारणच उरत नाहीं.

यंत्र रोज एकाच मिनिटास चालू होत असेल तर वेळापत्रक पाहावें. आणि तें एकाच ठिकाणीं असतें असें समजूं नये. कारखानदाराच्या ॲपमध्यें एक, व अलेक्सा किंवा गूगल होममध्यें दुसरें, असें सहज होतें, व एकांतून खोडलेली नोंद दुसऱ्यांतून खोडली जात नाहीं. सात-बाऱ्यावरील नोंद आणि फेरफाराची वही यांचा मेळ नसला म्हणजे जो घोळ होतो, तोच हा. दुसरें असें कीं, यंत्राचें घड्याळ भारतीय वेळेवर लावलेलें नसेल तर हुकूम भलत्याच वेळीं बजावला जातो. आपली वेळ जागतिक प्रमाणवेळेच्या ५ तास ३० मिनिटें पुढें आहे. म्हणून यंत्र जागतिक वेळेवर राहिलें तर सायंकाळीं सहास लावलेला दिवा रात्रीं साडेअकरास पेटतो. नेमका साडेपांच तासांचा फरक दिसला कीं दुसरीकडे शोधूं नये.

आवाजानें चालणाऱ्या यंत्राचा कान मोठा खरा, पण समज थोडी. १९५५ सालीं अमेरिकेंत झेनिथ कंपनीनें प्रकाशाच्या झोतानें चालणारें टेलिव्हिजनचें रिमोट काढलें, तेव्हां खिडकींतून येणाऱ्या उन्हानेंच कार्यक्रम बदलूं लागले. ती जुनी गंमत आज आवाजाच्या रूपानें परत आली आहे. २०१७ च्या जानेवारींत अमेरिकेंतील सॅन डिएगो येथील एका दूरचित्रवाणी निवेदकानें बातमी सांगतांना, अलेक्साकडून बाहुलीघर मागविणाऱ्या मुलीचे शब्द उच्चारले. तेवढ्यानें आपल्या घरच्या यंत्रांनींही मागणी नोंदविण्याचा प्रयत्न केला, अशा तक्रारी प्रेक्षकांनीं केल्या. म्हणून यंत्र टेलिव्हिजनपासून दूर ठेवावें. त्यानें काय ऐकलें याची नोंद ॲपमध्यें सांपडते. ती वाचली कीं निम्मे संशय फिटतात.

नोंदींत एखाद्या माणसाचें नांव निघालें तर रागावण्यापूर्वीं त्याचा जुना मोबाईल कोठें आहे तें विचारावें. मुलानें नवा मोबाईल घेतला, जुना भाच्यास दिला, आणि ॲप त्यांत तसेंच राहिलें, ही गोष्ट नित्याची आहे. मालक घराजवळ येतांच दिवे लागावे अशी योजना कित्येक ॲपमध्यें असते. ती त्या जुन्या मोबाईलमध्यें राहिली तर भाचा आळींत शिरतांच तुमचा दिवा लागेल. सर्व मोबाईल एकदां खात्यांतून काढून पासवर्ड बदलावा, व पाहिजेत तेवढेच पुन्हां जोडावे. परक्याचा हात असण्याचा संशय याउपरचा.

येथवरच्या गोष्टींत नुकसान झालें तर झोपेचें व थोड्या विजेचें. पंपाच्या मोटारीचें तसें नाहीं. आपल्या राज्यांत शेतीपंपांस थ्री फेज वीज दीर्घकाळ पाळीपाळीनें, कधीं दिवसा तर कधीं रात्रीं, मिळत आली; सौर वाहिन्या झाल्या तेथें ती दिवसा मिळूं लागली आहे. रात्रीं उठावयास नको म्हणून शेतकऱ्यानें स्टार्टरला ऑटो स्विच बसविला, त्यावर पुढें सिम कार्डाचा मोबाईल स्टार्टर आला. आमच्याही विहिरीवर तो आहे. एके सकाळीं ग्लँडमधून पाणी गळूं लागलें म्हणून पुतण्यानें घरूनच मोबाईलवर मोटार बंद केली, विहिरीवर जाऊन टेस्टर लावून पाहिला, वीज गेलेली होती, आणि तो दोरी बदलावयास बसला. स्टार्टर मात्र ऑटोवरच राहिला होता. वीस मिनिटांनीं वीज आली, आणि हात दांड्यापाशीं असतांनाच मोटार फिरली. सदऱ्याची बाही गुंडाळून फाटली, मनगट सोलवटलें, हात वांचला. त्या क्षणापर्यंत आम्हीही मोबाईलवरील "बंद" हा शब्द खरा मानीत होतों. वास्तविक त्या "बंद"चा अर्थ वीज परत येईपर्यंत बंद, इतकाच होता. आणि वीज गेलेली असतां टेस्टरनें दिलेली ग्वाही पुढच्या मिनिटाची नसते.

तेव्हांपासून आम्ही पाळतों ती रीत अशी. पंपास वा स्टार्टरला हात लावण्यापूर्वीं ऑटोचा खटका मॅन्युअलवर घ्यावा, मेन स्विच पाडावा, तिन्ही फ्यूज काढून आपल्याजवळ ठेवावे, आणि मग कामास बसावें. वीज गेलेली असो वा असलेली, यांत फरक करूं नये. मोबाईल स्टार्टरमध्यें फक्त नोंदविलेल्या नंबरांचेच फोन घेण्याची सोय असेल तर ती चालू करावी. नाहींतर चुकून आलेल्या फोननेंही मोटार सुरू होऊं शकते. काम सोडून गेलेल्या गड्याचा नंबर त्याच दिवशीं काढावा. बंद पडलेला नंबर कालांतरानें दुसऱ्या ग्राहकास दिला जातो, हेंही ध्यानांत असावें.

ऑटो स्विच काढून टाकावे, असें आवाहन महावितरण करीत आलें आहे. पुष्कळांस तें जाचक वाटतें. परंतु मोटार सुरू होतांना नेहमींच्या पांच-सहा पट प्रवाह ओढते, आणि वीज येतांच एका रोहित्रावरील साऱ्या मोटारी एकदम उठल्या तर रोहित्र जळण्याचा धोका असतो. मग ऐन पाण्याच्या दिवसांत दोष कोणास द्यावयाचा? ऑटो ठेवावयाचाच असेल तर ज्या स्टार्टरांत उशीर लावण्याची सोय आहे, तेथें शेजाऱ्यांनीं एकत्र बसून कोणी एक मिनिट, कोणी तीन, कोणी पांच, असा निरनिराळा उशीर ठरवावा.

आमच्या पंपघरांत आतां स्टार्टरशेजारीं खिळ्याला एक कापडी पिशवी टांगलेली असते. काम निघालें कीं पुतण्या तिन्ही फ्यूज तींत घालतो, आणि पिशवी गळ्यांत अडकवूनच खालीं बसतो.