खेळायचे की मांडायचे?

मुलांनो, उर्दूत आपण ज्याला 'खिलौना' म्हणतो, त्याला मराठीत 'खेळणे' म्हणतात. गंमत अशी, की मराठीत 'खेळणे' हे क्रियापदही आहे. वस्तूचे नाव आणि तिचे काम एकच! पण काही खेळण्यांशी कोणी खेळतच नाही. लोक ती विकत घेतात आणि काचेच्या कपाटात मांडून ठेवतात. चित्रपटातील पात्रांची, बटण दाबताच बोलणारी खेळणी तर दोन्ही कामांसाठी घेतली जातात. म्हणून असे खेळणे घेण्याआधी स्वतःला विचारावे : हे मला खेळायला हवे आहे की मांडायला?

हा प्रश्न मला माझ्या भाच्यामुळे सुचला. तो तेव्हा पाचवीत होता. त्याच्याजवळ ईदीचे सातशे रुपये जमले होते आणि त्याला 'टॉय स्टोरी' या चित्रपटातला बझ लाइटइयर हवा होता. रस्त्याच्या कडेला एका दुकानात त्याला तसा बझ साडेसहाशेला मिळाला. बटण दाबले की त्याचे पंख उघडत, हातावरचा लाल दिवा लागे आणि तो बोलू लागे. दोन दिवस घर दणाणून गेले. तिसऱ्या दिवशी डावा पंख उघडेना. चौथ्या दिवशी पाठीवरचे झाकण निघाले आणि आतल्या तीन चपट्या, बटणासारख्या बॅटऱ्या सतरंजीवर पडल्या. त्यांतली एक त्याच्या दीड वर्षाच्या बहिणीने उचलली. ती तोंडात घालणार, तोच तिच्या अम्मीने तिचा हात धरला.

अशी बॅटरी गिळली, तर ती अन्ननलिकेत अडकू शकते आणि तिथला भाग आतून भाजू लागतो. नाण्याएवढी लिथियमची बॅटरी तर दोन तासांतही गंभीर इजा करते. अशा वेळी वाट पाहत बसायचे नसते. मुलाला ताबडतोब रुग्णालयात न्यायचे असते.

ज्यांनी चित्रपट पाहिला नाही, त्यांच्यासाठी बझची थोडी ओळख करून देते. 'टॉय स्टोरी' हा चित्रपट १९९५ साली अमेरिकेत प्रदर्शित झाला. तो पिक्सार या कंपनीने तयार केला. संपूर्णपणे संगणकावर तयार झालेला तो जगातला पहिला पूर्ण लांबीचा चित्रपट. बझ हे त्यातल्या अँडी नावाच्या मुलाला वाढदिवसाला मिळालेले खेळणे. पण आपण खेळणे आहोत हे बझला ठाऊकच नसते! तो स्वतःला खराखुरा अंतराळवीर समजतो. एकदा त्याला टीव्हीवर स्वतःचीच जाहिरात दिसते. हे खेळणे उडत नाही, अशी सूचना त्या जाहिरातीत असते. बझला ते खरे वाटत नाही. तो जिन्यावरून झेप घेतो, खाली आदळतो आणि त्याचा हात निखळतो. जाहिरातीतल्या सूचना वाचल्या, तर निदान आपला हात शाबूत राहतो.

आता आमच्या मोडक्या बझकडे वळू. रडून झाल्यावर भाचा म्हणाला, "खाला, हा आतून कसा आहे ते बघू या का?" आम्ही पेचकस घेऊन बसलो. आत फारसे काही नव्हते. एक लहानशी हिरवी पट्टी, तिच्यावर वाळलेल्या डांबरासारखा काळा ठिपका, रुपयाएवढा स्पीकर, एक लाल एलईडी आणि पंखांच्या दोन स्प्रिंगा. त्या काळ्या ठिपक्याखाली चिप असते. बझची वाक्ये तिच्यात अंकांच्या रूपाने साठवलेली असतात. बटण दाबले की विद्युत परिपथ पूर्ण होतो. चिप स्पीकरला संदेश देते, स्पीकरचा पातळ पडदा थरथरतो आणि बझ बोलतो.

खाली पडलेल्या बॅटऱ्या आम्ही पुन्हा जागेवर बसवल्या आणि बटण दाबले. उघडलेला बझ टेबलावर पडल्या पडल्या बोलू लागला! म्हणजे चिप ठीक होती, दिवाही ठीक होता. मोडला होता तो पंखाला अडवून धरणारा, तांदळाच्या दाण्याएवढा प्लॅस्टिकचा आकडा. आणि झाकणाला स्क्रू नव्हताच.

मला वाटते, स्वस्त इलेक्ट्रॉनिक खेळण्याची पारख इथेच आहे. आवाज आणि दिवे देणे आता फार स्वस्त झाले आहे. दुकानदार आपल्याला तेच आधी दाखवतो आणि आपण भुलतो. पण खेळताना ताण पडतो तो सांध्यांवर, बिजागऱ्यांवर आणि झाकणावर. म्हणून दुकानात बटण सर्वांत शेवटी दाबा. आधी हात, पाय आणि मान हळूच फिरवून पाहा. सांधा फार ढिला असेल, तर बाहुला उभा राहणार नाही. फार घट्ट असेल, तर पहिल्याच आठवड्यात तुटेल. पंख दोन-चार वेळा उघडून मिटून पाहा. बॅटरीचे झाकण स्क्रूने बसवलेले आहे का, ते तर पाहाच. घरात लहान मूल असेल आणि झाकण नखाने उघडत असेल, तर ते खेळणे फुकट मिळाले तरी घेऊ नका.

खोक्यावरही पुष्कळ काही लिहिलेले असते. १ जानेवारी २०२१ पासून भारतात विकल्या जाणाऱ्या खेळण्यांवर आयएसआय चिन्ह असणे बंधनकारक झाले आहे. विजेवर किंवा बॅटरीवर चालणाऱ्या खेळण्यावर त्या चिन्हाबरोबर 'आयएस १५६४४' हा क्रमांक असतो. चिन्हाखाली परवाना क्रमांक असतो आणि तो भारतीय मानक ब्यूरोच्या 'बीआयएस केअर' या अॅपवर पडताळून पाहता येतो. आमच्या बझच्या खोक्यावर यांतले काहीच नव्हते. वय किती हवे आणि बॅटऱ्या सोबत आहेत की वेगळ्या घ्यायच्या, हेही वाचावे. काही खेळणी खोक्यात असताना एक-दोनच वाक्ये बोलतात. आतली कळ सरकवली की बाकीची ऐकू येतात. तेव्हा दुकानात कमी आवाज आले म्हणून लगेच नाराज होऊ नये.

खेळणे नुसते मांडायला हवे असेल, तर गोष्ट वेगळी. मग पंखाच्या आकड्याची फारशी चिंता नाही. चेहऱ्याचा रंग नीट आहे का आणि बाहुला आधाराशिवाय उभा राहतो का, हे पाहावे. बॅटऱ्या काढून ठेवाव्यात, कारण महिनोन्महिने पडून राहिलेली बॅटरी पाझरते आणि आतल्या पट्ट्या गंजतात. खिडकीतल्या उन्हात पांढरे प्लॅस्टिक पिवळे पडते. बझ तर जवळजवळ सगळा पांढराच आहे!

१९९९ सालच्या 'टॉय स्टोरी २' मध्ये हाच प्रश्न आहे. बझचा मित्र वुडी याला जपानमधल्या एका संग्रहालयात पाठवायचे ठरते. तिथे तो काचेआड कायमचा सुरक्षित राहील, पण कोणी त्याच्याशी खेळणार नाही. त्याच्या जोडीला एक म्हातारा बाहुला असतो. तो आयुष्यात कधीच खोक्याबाहेर आलेला नसतो आणि किती चिडका झालेला असतो, ते चित्रपटातच पाहा.

एका बझला मात्र दोन्ही गोष्टी लाभल्या. बारा इंचांचा हा बाहुला ३१ मे २००८ रोजी 'डिस्कव्हरी' यानातून खरोखरच अंतराळात गेला. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकात तो सुमारे पंधरा महिने होता. मुलांना विज्ञान समजावे म्हणून अंतराळवीरांनी त्याला घेऊन चित्रफिती तयार केल्या. सप्टेंबर २००९ मध्ये तो पृथ्वीवर परतला आणि २०१२ साली वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय हवाई व अंतराळ संग्रहालयात दाखल झाला.

यंदा भाच्याने पुन्हा पैसे साठवले आणि मलाही दुकानात नेले. या वेळी त्याने पंख न उघडणारा, एकाच बटणाचा, लहानसा बझ निवडला. खोक्यावर चिन्ह होते. तरी दुकानदाराने पैसे मागताच तो म्हणाला, "चाचा, जरा थांबा," आणि त्याने खिशातून पेचकस काढला.