सांडपाण्याच्या पाइपाजवळ कोणती फळझाडे लावावीत?



आपल्या भागात आता गावात काय आणि मळ्यातल्या वस्तीवर काय, पक्की घरे झाली. 2014 साली स्वच्छ भारत अभियान सुरू झाल्यापासून घरोघरी संडासही झाले. परड्यात दोन-चार फळझाडे तर हवीतच. पण खड्डा घेताना खालून पाइप कोठून गेला आहे, हे फारसे कोणी बघत नाही. मग काही वर्षांनी संडास तुंबतो, गवंडी बोलवून फरशी फोडावी लागते आणि ऐन बहरातले झाड तोडावे लागते. त्याहून वाईट म्हणजे, सुटलेल्या सांध्यातून झिरपणारी घाण जवळच्या आडाला किंवा बोअरला लागू शकते. म्हणून लागणीपूर्वीच पुढील गोष्टी ध्यानात घ्याव्यात.

मुळी पाइपात का शिरते?

धडधाकट पाइप मुळी सहसा फोडत नाही. ती ओलीच्या मागे जाते. सांधा सैल असला की तेथली माती ओली राहते. केसासारखी बारीक मुळी त्या फटीतून आत जाते. आत पाणी आणि खत दोन्ही तयारच! मग मुळ्यांचा झुपका होतो, त्यात घाण अडकते आणि मुळी जाड झाली की सांधा आणखी उचकटतो. ज्यांनी उसाला जमिनीखालून ठिबक केले आहे, त्यांना ड्रिपरमध्ये मुळी कशी शिरते हे सांगायला नको. गोष्ट तीच आहे.

चिनी मातीच्या आणि सिमेंटच्या जुन्या पाइपांना सांधे फार, म्हणून धोका जास्त. पीव्हीसी पाइपाला सांधे कमी आणि सोल्यूशनने ते पक्के बसतात. तरी तोही नीट बसवलेला असला तरच.

झाडांची निवड

1) पाइपापासून 8 ते 10 फुटांवर: पपई, केळी, डाळिंब, सीताफळ. पपई तर तीन-चार वर्षांत काढायचीच असते. केळीच्या मुळ्या तंतुमय व वरच्या थरात राहतात.

2) 15 ते 20 फुटांवर: कागदी लिंबू, पेरू, नारळ. नारळाची मुळी जाड होत नाही, त्यामुळे ती पाइप उचलत नाही. पण सांधा उघडा मिळाला तर आत जरूर शिरते.

3) 30 फुटांच्या आत नकोच: आंबा, फणस, जांभूळ, चिंच. अंजीर आणि तुती ही झाडे लहान दिसतात म्हणून फसू नये. अंजीर वड-उंबराच्याच कुळातले आहे आणि त्याची मुळी ओलीच्या शोधात लांबवर जाते. सांध्यात उगवलेले उंबराचे किंवा पिंपळाचे रोप तर दिसताक्षणी काढावे.

मुळ्या फांद्यांच्या घेराच्या बाहेरही जातात. म्हणून सावली कोठवर पडते यावरून अंतर धरू नये.

लागण करताना

पाइप टाकतानाच घराच्या कोपऱ्यापासून अंतरे मोजून वहीत नकाशा काढून ठेवावा. जुने घर असेल तर चेंबरपासून चेंबरपर्यंत दोरी धरावी, अंदाज येतो. झाडाचे आळे पाइपाच्या विरुद्ध बाजूला वाढवावे व पाणी, शेणखत तिकडेच द्यावे. जिकडे पाणी, तिकडे मुळी. लिंबू आणि पपईला साचलेले पाणी सोसत नाही, म्हणून ती दलदलीच्या जागी लावू नयेत. मोरीच्या पाण्यावर केळी, अळू घेण्याची आपली जुनी रीत चांगलीच आहे. मात्र संडासाचे पाणी त्यात मिसळू देऊ नये.

लक्षणे व उपाय

पाणी सावकाश जाणे, मोरीत बुडबुड आवाज होणे, भर उन्हाळ्यात पाइपावरच्या पट्ट्यात गवत हिरवेगार राहणे, ही मुळी शिरल्याची किंवा पाइप गळत असल्याची लक्षणे आहेत. अशा वेळी तेवढा भाग उकरून मुळ्या तोडाव्यात व सांधा नव्याने करावा. नुसत्या मुळ्या तोडल्या आणि फट तशीच ठेवली तर त्या पुन्हा येणारच. काहीजण मोरचूद ओततात, तसे करू नये. टाकीतली घाण कुजवणारे जिवाणू त्याने मरतात.

पावसाळ्याच्या तोंडाला रोपे आणण्याआधी टेप घेऊन एकदा परड्यात फिरावे. तासाभराचे काम आहे. शंका असल्यास आपल्या गट ऑफिसात विचारावे.

— ऊस विकास अधिकारी