रस्ता रुंद, तरी वाहतूक मंद का?



आपल्या शाळेतून शिकून गेलेली काही मुले आज हैदराबाद, पुण्याला नोकरी करतात. सुट्टीत भेटायला आली की पगाराआधी ट्रॅफिकची गोष्ट सांगतात. आपल्यालाही थोडा अनुभव आहे. पौष अमावास्येला केसलापूरला नागोबाची जत्रा भरते, तेव्हा आपल्याकडेही गाड्या मुंगीच्या चालीने सरकतात. पण जत्रा संपते. शहरातली कोंडी रोजची असते. ती का होते, हे आज पाहू.

पुण्याचे उदाहरण

पुणे हे एके काळी सायकलींचे शहर म्हणून ओळखले जाई. पुढे पिंपरी-चिंचवडला कारखाने आले, नंतर हिंजवडीला संगणक कंपन्या आल्या. घर एका टोकाला, नोकरी दुसऱ्या टोकाला. बसचा भरवसा वाटेना, म्हणून लोकांनी आधी दुचाकी घेतली, मग कार. गाड्या वाढल्या म्हणून उड्डाणपूल बांधले. त्यांतले विद्यापीठ चौकातले पूल २०२० साली पाडावे लागले. ते बांधून पंधरा वर्षेही झाली नव्हती. त्या जागी मेट्रो आणि दुमजली पूल करायचे ठरले.

रस्ता मोकळा दिसला की आणखी लोक आपापली गाडी बाहेर काढतात आणि काही वर्षांत तो पुन्हा भरतो. म्हणून नुसता रस्ता वाढवून कोंडी कायमची सुटत नाही.

थोडे गणित

४० माणसांना कामावर जायचे आहे. एका कारमध्ये दोघे बसले तर २० कार लागतील. एक कार ४ मीटर लांब आणि पुढे २ मीटर मोकळी जागा धरू. २० × ६ = १२० मीटर. तीच ४० माणसे १२ मीटरच्या एका बसमध्ये बसतात. मोकळी जागा धरून झाले १४ मीटर! म्हणजे रस्त्यावरून गाड्या किती गेल्या हे मोजू नये, माणसे किती गेली ते मोजावे.

परदेशात काय केले?

सिंगापूरने १९७५ मध्येच गर्दीच्या वेळी शहराच्या मध्यभागी कार नेण्यावर शुल्क लावले. १९८७ मध्ये तेथे मेट्रो सुरू झाली. लंडनने असे शुल्क २००३ मध्ये लावले. पुण्यात दोन्ही शहरांची बससेवा २००७ मध्ये एक झाली आणि मेट्रो २०२२ मध्ये धावू लागली. तोपर्यंत घरोघरी गाड्या आल्या होत्या, आणि लागलेली सवय लवकर सुटत नाही.

आपण काय करावे?

इंद्रवेल्ली लहान आहे, म्हणूनच सवय लावण्याची वेळ आताच आहे. पालकांना विनंती, मुलगा दहावीला गेला म्हणून त्याच्या हाती मोटारसायकल देऊ नका. अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर २०१९ च्या कायदा दुरुस्तीनुसार पालक किंवा गाडीमालक जबाबदार धरला जातो. दंड २५ हजार रुपये आहे आणि तुरुंगवासही होऊ शकतो. जवळची मुले पायी किंवा सायकलने येऊ द्या. विश्वस्त मंडळींनी शाळेत सायकलींसाठी छप्पर करावे, ही माझी नम्र सूचना.

स्वाध्याय : बाजाराच्या दिवशी घरच्या मोठ्या माणसाबरोबर रस्त्याच्या कडेला सुरक्षित जागी अर्धा तास थांबा. बस, ऑटो, कार, दुचाकी आणि त्यांतली माणसे मोजा. कोणत्या वाहनाने सर्वांत जास्त माणसे नेली, ते वहीत लिहून वर्गात दाखवा.